चौदा महिन्यांची काळी गाडी आणि उन्हात दिसणारी जाळी

डोंबिवलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. गाडी काळी, १४ महिन्यांची. सोसायटीत उघड्यावर उभी असते आणि भिंतीपलीकडे रेल्वेलाइन आहे. सावलीत नवीकोरी दिसते, पण उन्हात आणि पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली बॉनेटभर गोल गोल जाळी दिसते. टपावर कबुतरांच्या विष्ठेचे दोन डाग, सगळीकडे पाण्याचे पांढरे ठिपके, दाराच्या हँडलमागे नखांचे ओरखडे आणि डाव्या मागच्या दारावर किल्लीने ओढल्यासारखी एक रेघ आहे. सर्व्हिसिंगला गेल्यावर सांगण्यात आलं, "फुल रबिंग करून वरून सिरॅमिक मारू, २२ हजार." (रबिंग म्हणजे खरखरीत कंपाउंडने रंग घासणं, सिरॅमिक म्हणजे त्यावर चढवायचं संरक्षक कोटिंग.) ते करावं का, घरी जमेल का, टूथपेस्ट चालते का, आणि बॉनेटवर पूजेच्या स्वस्तिकाचा डाग राहिलाय तो जाईल का, असंही विचारलंय.

मी १९ वर्षं गाड्यांच्या रंग-पॉलिशचंच काम करतोय. आधी पेंटिंगच्या गॅरेजमध्ये, नंतर स्वतःचं. त्यामुळे पहिलं उत्तर लगेच देऊन टाकतो: रबिंग करू नका. १४ महिन्यांच्या गाडीला फुल रबिंग म्हणजे सर्दी झाली म्हणून नाकाचं ऑपरेशन. तुम्हाला हवंय ते हलकं पॉलिश, तेही जिथे लागेल तिथेच. आणि त्याच्या आधी गाडीवर फिरणारं फडकं बदलायचंय.

जाळी म्हणजे काय ते घरातच बघता येतं. वर्षानुवर्षं घासलेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वर्तुळं दिसतील. ताट तिरकं केलंत की वर्तुळंही बल्बाबरोबर सरकतील. घासणीचे चरे ताटावर सगळ्या दिशांना असतात. त्यातले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढे चमकतात आणि आपल्याला ते गोल भासतात. बॉनेटवर नेमकं हेच होतं. पांढऱ्या गाडीवरही चरे तेवढेच असतात, फक्त डोळ्यांत भरत नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं, "काळ्याचा रंग कच्चा असतो." तसं नाही. क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मऊ की कडक हे कंपनीवर असतं. काळा रंग फक्त चुगली करतो.

आता हा क्लिअर म्हणजे किती, ते बघू. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण ९० ते १३० मायक्रॉन भरतं. झेरॉक्सचा एक कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे तुमच्या गाडीचा अख्खा रंग एका कागदाएवढा, आणि त्यात क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे फार तर कागदाच्या निम्मं. तुमची जाळी या क्लिअरच्या वरच्या एक-दोन, फार तर तीन मायक्रॉनमध्ये आहे.

पॉलिश चरे 'भरत' नाही. चऱ्याच्या दोन्ही बाजूंचं क्लिअर खरवडून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतं. फिनिशिंग पॉलिश, म्हणजे सगळ्यात सौम्य पॉलिश, मऊ फोमच्या पॅडवर वापरलं तर एक मायक्रॉनच्या आसपास जातं. लोकरीचं पॅड, रोटरी मशीन (पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरवणारं) आणि रबिंग कंपाउंड असेल तर एका फेरीत चार-पाच सहज जातात, मिस्त्रीचा हात जड असेल तर जास्तही. हा थर परत येत नाही. उन्हातला अतिनील किरण अडवणारी रसायनं याच क्लिअरमध्ये असतात. दर दिवाळीला रबिंग मारलेल्या आठ-दहा वर्षांच्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटलेले तुम्ही पाहिले असतील. तो क्लिअर संपलेला असतो. तिथे जगातलं कोणतंही पॉलिश चालत नाही, रंगच मारावा लागतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. गॅरेजला लागलो त्याच वर्षी एका मरून गाडीच्या फेंडरवर (पुढच्या चाकावरचा पत्रा) रोटरी चालवत होतो. फेंडरच्या मधोमध जी धारदार लाइन असते तिच्यावर पॅड दोन सेकंद जास्त रेंगाळलं. आधी वास आला, जळक्या प्लॅस्टिकसारखा. मी मशीन उचललं तर लाइनवर दोऱ्याएवढी राखाडी रेघ: प्रायमर. उस्तादांनी काही न बोलता माझ्या हातातलं मशीन घेतलं, प्लग काढला आणि वायर गुंडाळून ठेवली. तो फेंडर परत रंगवला आणि त्याचे पैसे माझ्या पगारातून दोन महिने कापले. तेव्हापासून कडा आणि लाइन दिसल्या की माझा हात आपोआप हलका पडतो. रंग वाळताना कडेवरून ओघळून पातळ होतो, त्यामुळे कारखान्याच्या रंगातही कडेवर थर कमीच असतो.

म्हणून कुठे काय आहे ते आधी नीट बघून घ्या. सोसायटीच्या ट्यूबलाइटखाली काही कळणार नाही. मोबाइलची टॉर्च किंवा चांगला एलईडी टॉर्च घेऊन संध्याकाळी एकेक भाग बघा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशने जाईल किंवा बराच पुसट होईल. नख अडकलं तर जाणार नाही, आणि घालवायच्या नादात क्लिअर जाईल. तुमच्या मागच्या दारावरच्या रेघेत नख अडकतं असं तुम्ही लिहिलंय. मग तिच्या दोन्ही कडा पॉलिशने गोलसर झाल्या की ती निम्मी दिसेनाशी होईल, त्यावर समाधान माना. रेघेत पांढरं किंवा राखाडी दिसत असेल तर पावसाळ्याआधी बारीक ब्रशने टच-अपचा रंग भरा. खाली पत्रा उघडा पडला असेल तर कोकणपट्टीच्या हवेत गंज धरायला वेळ लागत नाही.

जमलं तर कोणाकडून तरी पेंटची जाडी मोजणारं मीटर मागून घ्या. प्रत्येक भागावर चार-पाच ठिकाणी टेकवा. ते एकूण जाडी दाखवतं, क्लिअर वेगळं दाखवत नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालतच नाही. पण एक गोष्ट हमखास कळते. सगळीकडे १०५-११० येतंय आणि एका दारावर मध्येच २४० आलं, तर ते दार परत रंगवलेलं आहे. असा एक ग्राहक माझ्याकडे आला होता, गाडी जेमतेम तीन आठवड्यांची. डिलिव्हरीआधी यार्डात दार घासलं गेलं असणार आणि गुपचूप रंगवून दिलं. त्या माणसाने माझ्यासमोर शोरूमला फोन लावला, तो संवाद इथे लिहिण्यासारखा नाही. परत रंगवलेला भाग कारखान्यातल्यासारखा भट्टीत पक्का भाजलेला नसतो, बहुतेकदा मऊ असतो. त्यावर हात आणखी जपून चालवायचा, आणि रंग ताजा असेल तर निदान महिनाभर वॅक्स-कोटिंग काही लावायचं नाही.

पॉलिशला हात घालण्याआधी गाडी खरोखर स्वच्छ हवी, आणि लोकांचं सगळ्यात जास्त इथे चुकतं. गाडी धुवा, मग भाजीची पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला आणि बॉनेटवर बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागेल. तुमच्याकडे तर लागणारच. लोकल ब्रेक मारते तेव्हा ब्रेक आणि चाकांमधून लोखंडाचे अगदी बारीक कण उडतात, गाडीवर बसतात, गंजतात आणि क्लिअरमध्ये रुततात. पांढऱ्या गाड्यांवर ते नारिंगी ठिपके म्हणून दिसतात, काळ्यावर फक्त हाताला लागतात. यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. सावलीत, गार पत्र्यावर फवारा, तीन-चार मिनिटं थांबा. लोखंड जिथे असेल तिथून जांभळे ओघळ सुटतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा. वाळू द्यायचं नाही, भरपूर पाण्याने धुवायचं.

पाण्याचे ठिपके बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचे असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच आरओचं पाणी एकत्र करून त्यात मऊ कापड भिजवा, ठिपक्यांवर एक-दोन मिनिटं ठेवा, उचला, धुवा. पत्रा गार हवा. बरेचसे ठिपके इथेच जातात. जे राहतात त्यांनी क्लिअरला खड्डा पाडलेला असतो, ते पॉलिशच्या वाट्याचे.

मग क्ले. चिकणमातीसारखा गोळा असतो, त्याची छोटी पुरी थापायची, पत्र्यावर शाम्पूचं पाणी किंवा क्लेचं ल्युब्रिकंट भरपूर मारायचं आणि हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायची. सुरुवातीला हात अडखळतो, मग सरसर चालायला लागतो. तो सरसरला की झालं. पुरी मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडली तर फेकून द्या, कितीही महाग असली तरी. तिला चिकटलेला एक खडा सगळ्या बॉनेटवर रांगोळी काढेल. क्लेने काळ्या रंगावर थोडे बारीक चरे पडतातच, म्हणून पॉलिश करायचं नसेल तर क्लेही करू नका.

आता मशीन. तुमच्यासाठी ड्युअल अ‍ॅक्शन, ज्याला सगळे डीए म्हणतात. रोटरीचं पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरतं, उष्णता एका जागी साचते आणि नवख्याच्या हातून रंग जळतो. नाही जळला तर हॉलोग्राम येतात, म्हणजे उन्हात दिसणारे मशीनच्या फिरण्याचे पट्टे. डीएचं पॅड फिरतंही आणि डुलतंही. जास्त दाबलं तर फिरणं थांबतं. तेच तुमचं संरक्षण. पाच इंचांची प्लेट (जिच्यावर पॅड बसतं ती) घ्या, घरगुती वापराचं मशीन चार-पाच हजारांपासून मिळतं. मित्राकडे असेल तर मागून आणा, वर्षातून एकदा लागणारी वस्तू आहे. ऑनलाइन जे ड्रिलला लावायचे स्पंज मिळतात ते घेऊ नका. ती रोटरीच आहे, फक्त ताब्यात न राहणारी. टूथपेस्टचं विचारलंत म्हणून सांगतो: तिच्यात कण असतात, त्यामुळे काहीतरी घासलं जातं आणि लोकांना गुण आल्यासारखं वाटतं. दात घासायला ठेवा. रॉकेल-डिझेलच्या फडक्याने गाडी 'चमकवणारे' एकेकाळी खूप होते. तेलाने चरे तासभर लपतात आणि त्यावर दुप्पट धूळ बसते.

पॅड फोमची घ्या. मऊ फिनिशिंगची तीन-चार आणि मध्यम पॉलिशिंगची तीन. एका पॅडवर अख्खी गाडी होत नाही, पॅड भरलं की ते कापत नाही, नुसतं गरम होतं. पॉलिशची एकच बाटली, फिनिशिंग पॉलिश. मेग्वायर्सचं एम २०५ माझ्या हातात बसलंय. मेंझेर्ना, सोनॅक्स, थ्रीएम यांचंही चांगलं मिळतं. कोणत्या कंपनीचं यापेक्षा कोणत्या पायरीचं हे बघा: बाटलीवर 'कटिंग' किंवा 'रबिंग' लिहिलं असेल तर परत ठेवा.

ऊन लागेल अशा जागी काम करू नका. पत्र्याला तळहात लावून आरामात ठेवता आला पाहिजे. आपल्याकडे यासाठी उत्तम काळ दिवाळीनंतरचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर. एप्रिल-मेमध्ये पॉलिश पसरेपर्यंत वाळतं आणि पावसाळ्यात धुतलेली गाडी धड कोरडी होत नाही. काळं प्लॅस्टिक, रबरची पट्टी, लोगो, दिव्यांच्या कडा, आणि बॉनेटच्या धारदार लाइन मास्किंग टेपने झाका. प्लॅस्टिकवर पॉलिश वाळलं की पांढरं होतं आणि आठवडाभर टूथब्रशने घासत बसावं लागतं.

पहिला पट्टा बॉनेटवर मारायचा नाही. डिकीच्या झाकणावर किंवा दाराच्या मधल्या सपाट भागावर फूटभर चौकोन टेपने आखून घ्या. मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश, सगळ्यात सौम्य जोडी. पॅड नवं असेल तर आधी बोटाने सगळीकडे पॉलिशचा पातळ हात द्या, नाहीतर कोरडा फोम रंगाला घासतो. मग वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन चालू करण्याआधी पॅड पत्र्यावर टेकवा. हे विसरलात तर पॉलिश तुमच्या शर्टावर, भिंतीवर आणि शेजाऱ्याच्या गाडीवर. मशीनच्या वेगाचा आकडा दोनवर ठेवून पसरवा, मग चार-पाचवर न्या. हात सावकाश चालला पाहिजे, सेकंदाला दोन बोटं एवढाच. एक पट्टा झाला की पुढचा पट्टा त्याच्या निम्म्यावरून. आडवे सगळे झाले की उभे. आडवं-उभं मिळून चार फेऱ्या पुरतात. प्लेटच्या कडेवर मार्करने एक काळी रेघ मारून ठेवा. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरकं झालंय. पॅड कायम सपाट. मशीनच्या वजनावर तळहाताचा थोडा भार, बस. तीन-चार चौकोन झाले की मऊ ब्रशने पॅडमधला भुगा झटका.

पॉलिश जवळजवळ पारदर्शक झालं की थांबा, मऊ मायक्रोफायबरने न दाबता पुसा. आणि मग ती पायरी जी धंद्यात बरेच जण मुद्दाम गाळतात: आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, पाणी चार भाग, हे मिश्रण फवारून चौकोन परत पुसा. पॉलिशमधलं तेल निघून जातं आणि खरं चित्र दिसतं. काही स्वस्त पॉलिशमध्ये मेण-तेलाचा भरणा असतो. गाडी घेताना आरसा, तीन धुण्यांनंतर जाळी परत. ती जाळी नवी नसते, गेलेलीच नसते.

आता टॉर्च मारा. दहापैकी सात-आठ चरे गेले असतील तर ही जोडी पक्की करा आणि तीच अख्ख्या गाडीला वापरा. नसतील तर तेच पॉलिश, पण मध्यम पॅड. त्यानेही काम होत नसेल तर मला कळवा, पण माझ्या अनुभवात १४ महिन्यांच्या गाडीला त्याच्यापुढे जावं लागत नाही. राहिलेले दोन-तीन चरे राहू द्या. शंभर टक्क्यांच्या मागे लागणारे ग्राहक मला दर महिन्याला भेटतात. मी त्यांना विचारतो, ही गाडी प्रदर्शनात ठेवणार की कल्याण-शीळ रोडवर चालवणार? शेवटचे दोन चरे काढायला जेवढं क्लिअर जातं तेवढ्यात पुढची दोन पॉलिशं झाली असती. रंगावर संत्र्याच्या सालीसारखा जो बारीक उठाव दिसतो तोही कारखान्याचाच आहे, त्याला हात लावू नका. तो काढायचा म्हणजे पाण्याचा पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) मारायचा, आणि ते घरी करण्याचं काम नाही.

खरं काम सुरू झालं की दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग एका वेळी घ्या. पहिल्यांदा करणाऱ्याला बॉनेटलाच दोन-अडीच तास लागतात. एका रविवारी बॉनेट आणि फेंडर, पुढच्या रविवारी दारं, असं केलं तरी काही बिघडत नाही. बंपर आणि आरशांचे कव्हर प्लॅस्टिकचे असतात, उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, पटकन तापतात. तिथे वेग एक आकडा कमी करा आणि मध्ये मध्ये हात लावून बघा. पॅडला काळा रंग लागायला लागला तर लगेच थांबा. गाडीवर क्लिअर असेल तर पॅडवर पांढरट भुगाच यायला हवा. रंग येतोय म्हणजे एकतर क्लिअर संपलंय किंवा तो भाग क्लिअरशिवाय रंगवलाय. वाचणाऱ्यांपैकी कोणाची गाडी मॅट फिनिशची असेल तर हे सगळं विसरा. मॅटवर पॉलिश केलं की तेवढाच भाग चकाकतो आणि परत मॅट होत नाही.

हँडलमागच्या वाटीत मशीन जात नाही. तिथे बोटाला फोमचा तुकडा गुंडाळून, थेंबभर पॉलिश घेऊन, सरळ रेषेत पुढे-मागे, पन्नासेक वेळा. गोल गोल नको. नखांचे ओरखडे बहुतेक जातील.

कबुतरांचे डाग मात्र हट्टी. विष्ठा उन्हात वाळते, आक्रसते, खालचं तापलेलं क्लिअर मऊ झालेलं असतं, ते तिच्याबरोबर ओढलं जातं आणि तसंच गार होतं. आम्ल आपलं काम करतंच. त्यामुळे नुसता डाग राहत नाही, तिथला पृष्ठभागच खाली-वर झालेला असतो. मध्यम पॅडने दोनदा प्रयत्न करा, कडा पुसट होतील. राहिलं तर राहिलं. यापुढे विष्ठा दिसली की ओला टिश्यू दहा मिनिटं तिच्यावर ठेवा आणि उचला. घासू नका, कबुतराच्या पोटात खडेही असतात.

चरे आले कुठून, ते तुम्हालाही माहीत आहे. सकाळी सहाला जो मुलगा सोसायटीतल्या वीस गाड्या एका बादलीत आणि एका फडक्यात पुसतो, त्याच्या बादलीचा तळ एकदा बघा. मी एकदा अशाच बादलीतलं पाणी हळूच ओतून दिलं तर तळाला मूठभर रेती निघाली. त्याचा दोष नाही, महिन्याला गाडीमागे पाचशे-सहाशेत त्याने काय करावं? त्याला सांगा, रोज फक्त काचा आणि चाकं, रंगाला हात लावायचा नाही. पैसे तेवढेच द्या. आठवड्यातून एकदा तुम्ही धुवा: आधी पाण्याने धूळ सोडवा, मग दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी, वरून खाली. भांड्याचा साबण नको, त्याने वॅक्स निघून जातं. पाण्याची टंचाई असेल तेव्हा बादलीभर पाण्यात रिन्सलेस वॉश (नंतर पाण्याने धुवावं न लागणारा शाम्पू) टाकून काम होतं. मायक्रोफायबर वेगळे धुवा, बाकी कपड्यांत नको आणि सॉफ्टनर नको. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्याने ते दिवसभर हलत राहतं आणि पॉलिश पेपरचं काम करतं. ड्यॅशबोर्डच्या पिसांच्या झटकणीने बॉनेटही झटकायचं, ही सवय असेल तर ती आजच सोडा.

२२ हजारांबद्दल. सिरॅमिक वाईट नाही. पाणी आणि चिखल धरत नाही, धुणं सोपं होतं, घाण कमी रुतते. पण ज्या '९एच'चा एवढा गाजावाजा होतो तो पेन्सिलच्या कडकपणाचा मोजमाप आहे. त्या पेन्सिलने चरा पडत नाही एवढाच त्याचा अर्थ. रेतीने पडतो. आणि कोटिंगखाली जे असेल ते तसंच बंद होतं, चांगलं असो की जाळी. म्हणून विचारायचं ते पॉलिशचं: मशीन कोणतं, किती पायऱ्या, आधी-नंतर मीटर लावून दाखवाल का, अल्कोहोलने पुसून दाखवाल का, किती वेळ लागेल. "तीन तासांत गाडी घेऊन जा" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. हलकं पॉलिश आणि कोटिंग नीट करायला गाडी निदान दीड-दोन दिवस ठेवून घ्यावीच लागते. असं करणारं कोणी सापडलं तर २२ हजार महाग नाहीत. घरी केलंत तर चांगलं वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक थर) लावा, तीन-चार महिन्यांनी परत. गाडीवर पाण्याचे थेंब गोल उभे राहत नाहीत असं दिसलं की वेळ झाली समजा.

राहिलं स्वस्तिक. हळदीचा पिवळेपणा उन्हाने आपोआप उडतो, महिना-दोन महिने धीर धरलात तर त्यासाठी काहीच करावं लागणार नाही. कुंकवाचा लालसरपणा उरला असेल तर आधी अल्कोहोलचं तेच मिश्रण, नाही गेला तर हाताने थोडं पॉलिश. पण तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. डागाच्या आत चार-पाच चरे एकाच दिशेने ओढलेले आहेत, स्वस्तिकाच्या हातांबरोबर वळणारे. ते कुंकवाचे नाहीत. ज्यांनी काढलं त्यांच्या बोटात अंगठी होती. घरी कोणाला विचारू नका. मऊ पॅडने जातील.